आंत कोण तें

आमच्या उकड्या तांदळाच्या गिरणीत बॉयलर पेटवायच्या आधी त्याच्या ड्रमवर, म्हणजे पाण्याच्या टाकीवर, पान्याने तीनदा ठोकायचं आणि मोठ्याने विचारायचं, “आंत कोण तें?” ही चाल माझ्या थोरल्या भावाने, अनिरुद्ध अण्णाने पाडली. एकदा साफसफाई करणारा आत डुलकी काढत होता आणि बाहेरून कोणीतरी मॅनहोल लावून टाकलं, तेव्हापासून. पापनाशमच्या रस्त्यावरच्या या गिरणीत मराठी बोलणारे आम्ही दोघं भाऊच होतो, पण तमिळ कामगारही बिनदिक्कत तेच शब्द ओरडतात. अर्थ विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

अण्णा गेल्या उन्हाळ्यात वारला. त्याआधी दोन वर्षं तो घरी बसून होता, आणि त्याला घरी बसवलं मी. एका सकाळी वाफ धरल्यावर तो हवेचा कॉक, ड्रममधली हवा सोडायची तोटी, बंद करायचा विसरला. मी लगेच मालकीणबाईंकडे, राजम अम्मांकडे गेलो आणि म्हटलं, अण्णाचं वय झालंय, त्याच्या हाती आता आग देऊ नका. नियम म्हणजे नियम. अण्णा त्यावरून एका शब्दाने भांडला नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

परवा विजयादशमी होती. आदल्या दिवशी आयुधपूजेला सगळी यंत्रं धुऊन, चंदन-कुंकू लावून शांत ठेवली होती. आता ती पुन्हा सुरू करायची होती. बॉयलर चालवायचा परवाना मिळाल्यावर अण्णाचा मुलगा प्रवीणकुमार पहिल्यांदाच स्वतः बॉयलर पेटवणार होता. त्याला मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र तमिळच निघतं.

पोरगा शिस्तीचा. पाच मिनिटं पंखा चालवून त्याने भट्टीतली कोंडलेली हवा बाहेर काढली, ड्रमवरचा हवेचा कॉक उघडला. ड्रममधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी बरोबर निम्म्यावर होतं. खरं तर काच रिकामी करून पाणी पुन्हा चढतं का, ते पाहायचं असतं. पण काचेच्या दोन्ही कॉकच्या मुठींवर चंदनाचा लेप आणि वर शेवंतीचा सर होता. प्रवीणने हात पुढे केला तसं मी म्हटलं, “राहूं दे, पूजा मोडूं नको. पाणी दिसतंय की.” यंत्राला डोकं लागतं, भक्ती नव्हे, असं जन्मभर ऐकवणारा मी हे बोलून गेलो.

प्रवीणने तीनदा ठोकलं. “आंत कोण तें?”

“आहें,” आतून आवाज आला. “थांब.”

गिरणीतले सहाही कामगार माझ्या समोर चुरमुऱ्यांचा प्रसाद खात उभे होते. प्रवीण माझ्याकडे वळला. “काका, ऐकलंत?” तो तमिळमध्ये म्हणाला.

“घुमलं असेल,” मी म्हटलं. आदल्या संध्याकाळपासून ड्रममध्ये पाणी भरलेलं होतं. त्यात माणूस असता तर काय झालं असतं, ते मला मनातसुद्धा आणवेना. मी त्याच्या हातून पाना घेतला आणि स्वतः ठोकलं. “आंत कोण तें?”

“आहें, सीतू. अजून आहें.”

मला सीतू म्हणणारं आता कोणी जिवंत नाही. सगळे सीतारामराव म्हणतात.

एवढ्यात राजम अम्मा आल्या. साडेदहाला चांगली वेळ संपत होती. भिजवलेलं तीस टन भात संध्याकाळपर्यंत आंबलं असतं. “पेटवा,” त्या मला म्हणाल्या, “नाहीतर उद्यापासून येऊ नका.” प्रवीण पेटता पलिता धरून भट्टीच्या तोंडाशी उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मी मान डोलावली असती तर त्याने पलिता आत टाकला असता. पण आतून ओ आली तर आग नाही, हा अण्णाचा नियम होता, आणि अण्णाला मी नियम दाखवूनच घरी पाठवलं होतं.

“विझव,” मी म्हटलं. “पाणी सोड. ड्रम उघडूं.”

खालचा व्हॉल्व्ह उघडल्यावर चार टन पाणी यायला हवं होतं. बादलीभर तांबूस पाणी आलं आणि धार तुटली. काचेतलं पाणी तसंच निम्म्यावर, जराही न हलता. मी मुठींवरचं चंदन अंगठ्याने पुसलं. दोन्ही कॉक बंद होते; काचेत अडकलेलं पाणीच आम्ही बघत होतो. आदल्या दिवशी काच धुताना मीच ते बंद केले होते आणि उघडायचे राहिले होते. ड्रममधलं पाणी खालच्या व्हॉल्व्हमधून रात्रभर झिरपून नाल्यात गेलं होतं. पेटवलं असतं तर कोरडं लोखंड लाल झालं असतं, त्यावर पंपाचं गार पाणी पडून ड्रम फुटला असता, आणि भट्टीच्या तोंडाशी प्रवीण होता.

मॅनहोल काढून टॉर्च मारला. आत कोणी नव्हतं. प्रवीणने डोकं आत घातलं आणि त्या तीन शब्दांखेरीज आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून मराठी ऐकलं. “अप्पा, बाहेर या.” बापाला तो अप्पा म्हणायचा. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. कोणी त्याला हात लावला नाही.

राजम अम्मांनी कोरडा ड्रम पाहिला आणि त्यांचा आवाज उतरला. “चूक कोणाची?”

“माझी. आजपासून माझ्या हाती आग देऊ नका.”

“इतक्या वर्षांत एक चूक झाली,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यासाठी कोणी घरी बसतं का?”

“अण्णाचीही एकच होती, अम्मा.”