दोन सुतांचा फरक

माझं नाव ओळंबा. मित्रांनो, नाव ऐकलं नसेल तर लाजू नका, हल्ली गवंड्यांच्या पोरांनाही मला ओळखता येत नाही. मी पितळेचा आहे, भोवऱ्याएवढा, चांगला जड आणि चांगला जुना. माझ्या डोक्यातून दोरी निघते, दोरीच्या वरच्या टोकाला लाकडाचा गट्टू असतो. गट्टू भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. दूर राहिलो तर ती बाहेर कललेली, चिकटून बसलो तर आत. जन्मभर टांगून घ्यायचं आणि खरं तेच सांगायचं, एवढंच माझं काम.

शहागंजातल्या एका कारागिरानं मला ओतलं आणि कांतलं. मी निजामुद्दीन मिस्त्रीच्या हाती आलो तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्यानं पहिला कोपरा एका दमात सरळ उभा केला, तेव्हा त्याच्या उस्तादानं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. "ले, आज से ये तेरा," एवढंच उस्ताद म्हणाले. त्यानंतर तीस वर्षं मी आणि निजामुद्दीन वेगळे झालो नाही. तो आधी नुसत्या डोळ्यानं भिंत चढवायचा आणि मग मला सोडायचा, केवळ माझा होकार घ्यायला. मी कधी नकार दिला नाही. वीस वर्षं त्याच्या हाताखाली विटा आणि सिमेंटचा माल पोचवणारी गोजरबाई त्याला चिडवायची, "मिस्तरी, त्या ओळंब्याला सुट्टी देऊन टाका की! तुमच्याकडं त्याला कामच काय हाय?" तो हसायचा आणि मीही मनातून फुगायचो. स्तुती कुणाला आवडत नाही?

मग ते दुष्काळाचं साल आलं. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. एका वर्षी पाऊस नावाला पडला, पुढच्या वर्षी नावालाही नाही. माणसं टँकरमागं धावत होती आणि शहर मात्र जोरात वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडं शेतांत चुन्याच्या रेघा पडल्या, रेघांचे प्लॉट झाले. त्यातल्या एका प्लॉटवर मधुसूदनराव घर बांधत होते. नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, शांत, हिशेबी, देवभोळे गृहस्थ. त्यांचा मुलगा सुयश वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर होता. इंजिनिअर खराच, पण गाड्यांच्या भागांचा. पाया जेसीबीनं दोन दिवसांत खणून झाला होता. भिंती चढवायला निजामुद्दीनला बोलावलं.

पहिले आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी सकाळी त्यानं मला मागच्या कोपऱ्यावर सोडलं आणि मी भिंतीपासून दूर राहिलो. दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुम्हाला तो दिसणारही नाही, पण गवंड्याच्या छातीत तो सुरीसारखा जातो. आदल्या संध्याकाळी त्याच जागी मी भिंतीला शिवलो होतो. मला पक्कं आठवत होतं.

"अंधारात डोळ्यानं दगा दिला," असं म्हणून त्यानं तेवढा भाग उतरवला आणि पुन्हा चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन सूत. बाकीचे तिन्ही कोपरे सुतात, हा एकच बाहेर.

तो कोपरा मला पहिल्यापासून आवडला नव्हता. दुपारी मजूर भाकरी खाऊन आडवे झाले की तिथं एक विचित्र शांतता पसरायची. कुत्रीही त्या बाजूला सावलीला बसत नसत. वारा पडलेला असायचा, बाभळीचं पान हलत नसायचं, आणि मी मात्र खुंटीला टांगल्या जागी हलायचो. अगदी थोडा, कुणीतरी खालून हळूच दोरी हलवावी तसा. कधीकधी जमिनीच्या पोटातून आवाज यायचा. कुणी एक दगड उचलून दुसरीकडं ठेवतंय असा. भिंतीवर पाणी मारलं की इतर कोपऱ्यांत डबकं साचायचं. या कोपऱ्यात जमीन घोट घ्यायची आणि लगेच कोरडी व्हायची. माणसांना प्यायला पाणी नव्हतं आणि तिची तहान भागत नव्हती. मला भीती वाटायची, पण ओळंब्याला तोंड नसतं. मी फक्त दोन सूत दूर राहू शकत होतो.

सुयशच्या ते लक्षात आलं. "चाचा, तुमचं वय झालं आता. एकदा डोळे तपासून घ्या," तो म्हणाला. मधुसूदनराव हळू आवाजात म्हणाले, "निजामभाई, तुमचं नाव ऐकून तुम्हाला बोलावलं होतं हो." हळू बोललेलं जास्त लागतं. पुढच्या गल्लीतल्या साइटवर दोन दिवसांत बातमी पोचली, निजाम मिस्त्रीचा हात गेला.

त्यानं डोळे तपासले. डोळे ठीक निघाले. मग त्यानं माझ्यावर संशय घेतला. मला खिशात घालून वीस वर्षांपूर्वी स्वतः बांधलेल्या एका शाळेच्या भिंतीशी नेलं आणि सोडलं. मी तिला वरपासून खालपर्यंत नीट शिवलो. मी खरा ठरलो, मित्रांनो, पण असं खरं ठरणं नको होतं मला. कारण डोळे खरे, ओळंबा खरा, तर मग उरलं काय? घरी येऊन तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. त्याची बायको सगीरा म्हणाली, "क्या हुआ जी? हातां को क्या देखते बैठे?"

"मेरे नै लगरे," तो म्हणाला.

यानंतर त्यानं जी चूक केली ती फक्त मुरलेला गवंडीच करू शकतो. त्यानं ठरवलं, आपला हात दोन सूत बाहेर जातो, तर आपण दोन सूत आत झुकवून बांधू. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं जाणूनबुजून वाकडी भिंत चढवली. संध्याकाळी गोजरबाईनं गट्टू धरला, त्यानं मला सोडलं, आणि मी भिंतीला चिकटून बसलो. वाकडी, आत, बरोबर दोन सूत. आणि सकाळी? सकाळी भिंत सरळ! मी तिला जेमतेम शिवलो. सुयशनं निजामुद्दीनच्या खांद्यावर थाप मारली. "बघा चाचा, लक्ष दिलं की जमतं." मधुसूदनरावांनी दुसऱ्याच दिवशीचा स्लॅब ठरवून टाकला, तीस माणसांची टोळी सांगितली. निजामुद्दीन कसनुसा हसला. माझ्या मात्र पितळेला घाम फुटला. वाकडी बांधलेली भिंत आपोआप सरळ होते, ही शाबासकीची गोष्ट आहे का घाबरायची?

ते आधी गोजरबाईच्या डोक्यात आलं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती त्याच्याजवळ येऊन बसली. "मिस्तरी, काल गट्टू म्या धरला व्हता. भिंत आत व्हती. तुमचा हात गेला आसता तर ती आतच ऱ्हायली आसती की. रातीतनं सरळ कोण करून गेलं?"

त्यानं मान वळवून कोपऱ्याकडं पाहिलं. मग उठला. गट्टू कोपऱ्याच्या माथ्यावर खिळ्यानं पक्का ठोकला, मला जमिनीपर्यंत सोडलं आणि बरोबर माझ्या टोकाखाली जमिनीत एक खिळा रोवला. "अब कोई हात नै लगाना," तो म्हणाला. दोघं चार हात दूर जाऊन बसले. वारा नव्हता. कावळाही ओरडत नव्हता. मी स्थिर होतो, अगदी स्थिर, आणि तरी माझ्याखालचा खिळा हळूहळू मागं राहायला लागला. तासाभरात माझं टोक त्याच्यापासून एक सूत पुढं गेलं. गोजरबाईनं पदर तोंडाशी धरला.

"आई गं! मिस्तरी, ही जागाच चालतीया."

मधुसूदनराव आणि सुयश चार वाजता स्लॅबची तयारी बघायला आले. निजामुद्दीननं हात जोडून सांगितलं, "साहेब, उद्या स्लॅब टाकू नका. खाली काहीतरी हाय. जमीन सरकतीय."

सुयश वैतागला. "चाचा, आधी डोळे, मग हात, आता जमीन? चूक झाकायला आणखी काय काय शोधाल?"

आणि मित्रांनो, निजामुद्दीननं जोडलेले हात खाली सोडले. ते बघून माझा जीव तुटला. त्याला सगळं कळलं होतं, समोर खिळा होता, साक्षीला गोजरबाई होती, तरी त्याची मान खाली गेली. इतके दिवस त्याला सांगितलं गेलं होतं की तू चुकतोस, आणि आता त्याला बरोबर असण्याची लाज वाटत होती. "आसंल," तो पुटपुटला, "माझंच चुकलं आसंल." तो माघारी वळला. चार पावलं गेला. उद्या त्या कोपऱ्यावर तीस माणसं उभी राहणार होती.

मग तो थांबला. कोपऱ्याजवळ पाण्याचे दोन ड्रम होते, टँकरच्या रांगेत उभं राहून मिळवलेले, सबंध साइटचं दोन दिवसांचं पाणी. त्यानं त्यातल्या पहिल्या ड्रमला खांदा लावला आणि तो सरळ आडवा केला.

"अहो, काय करताय! पाणी आहे ते!" मधुसूदनराव किंचाळले. मजूर धावले. त्या सालात पाणी सांडणं म्हणजे देवाचा दिवा विझवण्यासारखं होतं. निजामुद्दीननं कुणाकडं पाहिलं नाही. त्यानं दुसराही ड्रम ओतला.

पाणी पसरलंच नाही. सगळं पाणी त्या कोपऱ्याशी गोळा झालं, एकदा गोल फिरलं आणि गेलं. जमीन ओली दिसायला हवी होती, तीही दिसेना. आणि बऱ्याच वेळानं, फार खालून, पाणी कशावर तरी पडल्याचा आवाज आला.

मग जमिनीला घमेल्याएवढं भोक पडलं. भोकातून थंड, कुबट वारा वर आला आणि मी दोरीसकट गरगरलो. कोपऱ्याची भिंत वरपासून खालपर्यंत उकलली. सगळे मागं मागं सरकत गेले.

ती विहीर होती. शेत विकणाऱ्यांनी तिच्यात राडारोडा लोटून वर तिथलाच मुरूम पसरवला होता, म्हणून पाया खणताना कुणाला कळलं नाही. दुष्काळानं खालचं पाणी आटलं, भराव खचायला लागला, आणि भिंतीवर मारलेलं पाणी त्याला रोज थोडं थोडं खाली नेत होतं. घराचा कोपरा अर्धा जमिनीवर आणि अर्धा पोकळीवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. मधुसूदनरावांनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून म्हणाले, "देवाची कृपा, वेळेत कळलं." सुयश फोनवर कुणाशी तरी बोलताना प्लॉटवाल्यांना शिव्या देत होता. निजामुद्दीन बाजूला उभा होता, मला मुठीत धरून. तो वाट बघत होता, मित्रांनो. चार शब्दांची. 'निजामभाई, चूक आमची होती.' तीन वाजेपर्यंत तो उभा राहिला. दोघंही त्याच्याशी छान बोलले, चहा दिला, पुढच्या कामाचं विचारलं. ते चार शब्द मात्र कुणाच्या लक्षात आले नाहीत.

गोजरबाई म्हणाली, "मिस्तरी, हात तुमचा सरळच व्हता." तो म्हणाला, "तू आपली हाईस गं." ज्यांनी घाव घातला त्यांच्याच तोंडून त्याला ऐकायचं होतं.

पुढं त्यानं आणखी दोन साइट धरल्या. एकेका थराला तो मला दहा-दहा वेळा सोडायचा. मी दहाही वेळा होकार द्यायचो. तो अकराव्यांदा सोडायचा. दिवसभरात तीन थर होत नसत. शेवटी त्यानं थापी ठेवली आणि वाळूजला एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याची नोकरी धरली. मी आता त्याच्या घरात खुंटीला असतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी गवंडी, सुतार, शिंपी काम करत असेल आणि काही वाकडं दिसलं, तर त्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी एकदा खालची जमीन बघा. आणि चूक तुमची निघाली, तर ते चार शब्द गिळू नका. मोठ्यानं म्हणा, सगळ्यांसमोर म्हणा.

आमच्या गल्लीत हल्ली रोज कुठं ना कुठं बोअर मारतात. जमीन थरथरते, खुंटीवर मी हलतो. निजामुद्दीनचं लगेच लक्ष जातं. पण तो जमिनीकडं बघत नाही. दोन्ही हात उजेडात धरतो आणि ते कापतायत का, ते बघत बसतो.