मागची पट्टी

शनिवारी मला कोणी कामाला बोलावलं की माझं डोकं फिरतं. मी शनिशिंगणापूरचा. शनिवारी आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते, आई एकटी नारळ-तेलाचं दुकान सांभाळते, आणि तिचा धडधाकट पोरगा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून गावाबाहेर निघाला की ती अशी बघते की विचारू नका. पण सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातल्या त्या शनिवारी बूथवर फोन आला तो नृसिंह सरांचा. सर म्हणजे सोनईच्या अलीकडच्या हायस्कूलचे हेडमास्तर. मी त्यांच्याच हाताखाली दहावी झालेलो. सर म्हणाले, "सूर्यभान, संगणक बंद पडलाय. बाराच्या आत ये." आणि फोन ठेवला. मी येतो का, सवड आहे का, काही विचारणं नाही. सरांची रीतच तशी.

तेव्हा मी नागापूरच्या एमआयडीसीत कारखान्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचो, आणि सरांच्या संस्थेच्या नऊ शाळांचं काम वर्षाच्या करारावर माझ्याकडं होतं. तो करार म्हणजे माझी मीठभाकर. त्यामुळं झक मारत गेलो. त्यात सर्दीनं नाक चोंदलेलं, डोकं जड, म्हणजे आधीच उल्हास.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे जुनी प्रयोगशाळा. चपला बाहेर काढायच्या, मशीनवर मखमली कापड, भिंतीला हार घातलेली सरस्वती. आत तीन माणसं होती. सर खुर्चीत, समोर कोरा कागद. कॉम्प्युटर शिकवणारे सुहास सर खिडकीशी. आणि भिंतीला टेकून रतनबाई.

रतनबाई म्हणजे शाळेचे शिपाई सहादू, त्यांची बायको. सहादू दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेले, आणि त्यांच्या जागेवर अनुकंपा म्हणून बाईंना घेतलं. पण कच्चं. कायम करायचा कागद तेव्हापासून फिरत होता. बाई पहाटे झाडलोट करायच्या, घंटा द्यायच्या, पाणी भरायच्या, आणि दोन पोरी त्याच शाळेत शिकत होत्या.

"दोन वाजता संस्थेचे सचिव येताहेत," सर म्हणाले. "रतनबाईंच्या नेमणुकीवर आज सही व्हायची होती. आणि काल हे झालं. सुहास सरांचं म्हणणं, बाईंनी मशीनला ओलं फडकं लावलं, पाणी आत गेलं. बाई नाही म्हणतात. मला यातलं काही कळत नाही. तू बघ आणि काय ते लेखी दे. तुझ्या कागदावर त्यांचा कागद पुढं जाईल, नाहीतर राहील."

मी म्हटलं, "बघतो." मनात म्हटलं, मला कशाला मध्ये घालता, मी मशीनचा डॉक्टर, माणसांचा नव्हे.

बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळा ठिक्कर. मॉनिटरचा दिवा नारिंगीच राहिला, म्हणजे मॉनिटर जिवंत होता, त्याला आतून काही मिळत नव्हतं. मी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि कान दिला. मशीननं शिट्टी मारली. एक लांब, दोन आखूड. बंद करून परत चालू केलं. परत एक लांब, दोन आखूड.

"डिस्प्ले कार्ड," मी म्हटलं. "चित्र पडद्यावर पाठवायचं काम ज्या कार्डाचं, ते गेलंय. बाकी सगळं चालू आहे."

दहा मिनिटांत निदान. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. कॅबिनेटचं झाकण काढलं, कार्डाचा स्क्रू सोडवून कार्ड उपसलं. सुहास सरांकडून खोडरबर घेतलं, कार्डाचे सोनेरी पाय घासून पुसून परत बसवलं. निम्म्या वेळा एवढ्यानंच भागतं. नाही भागलं. एक लांब, दोन आखूड. मग कार्ड खिडकीपाशी नेऊन नीट बघितलं. एका बाजूला पांढरट हिरवा डाग पडलेला, चिपचे दोन-तीन पाय खाल्ल्यागत झालेले. काहीतरी ओलं पडून वाळलं होतं.

"पाणीच गेलंय की हो," मी म्हणालो.

उचलली जीभ लावली टाळ्याला. सुहास सरांनी सुस्कारा सोडला. त्यांचंही चूक म्हणत नाही मी, तेही कच्चेच होते, मशीन त्यांच्या ताब्यातलं होतं, आळ त्यांच्यावरच आला असता. नृसिंह सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.

"पानी न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "मी फडकं मारलंच न्हाई, सर. मागं भोक हुतं. उंदरं लई झाल्याती, बाजरी निघाल्यापून समदी शाळंत शिरल्याती. म्हनून त्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला हुता. ह्या सरांनी सोमवारी उपसून टाकला."

"ओला होता तो बोळा," सुहास सर म्हणाले. "विजेच्या मशीनच्या पाठीत ओलं फडकं. मी काढणार नाही तर काय करणार?"

"वाळत घातल्याला हुता. इलेसा दमट आसंल. आन त्यो सोमवारी काढला, मशीन शुक्रवारी बंद पडलं. चार दीस कुठं हुतं मग पानी?"

सरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "भोक कसलं, बाई?"

रतनबाईंनी माझ्याकडं बघितलं.

भोक कसलं ते मला माहीत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी याच मशीनसाठी आलो होतो. शाळा बंद, खोली उघडायला फक्त रतनबाई. कार्ड ज्या स्लॉटमध्ये होतं तो सैल झाला होता, म्हणून मी ते शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं. आता असं असतं, की प्रत्येक स्लॉटच्या मागं कॅबिनेटला एक उभी फट असते आणि वापरात नसलेल्या फटीवर पत्र्याची पट्टी स्क्रूनं बसवलेली असते. नव्या जागेची पट्टी मी काढली, ती जुन्या जागेवर लावायला पाहिजे होती. एका स्क्रूचं काम. पण मला घरी फराळाला जायची घाई, पट्टी पिशवीत टाकली आणि निघालो. रतनबाई झाडू मारता मारता वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, मागं भोक ऱ्हायलंय." आणि मी हसून म्हणालो, "बाई, आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात. चौकटी उघड्या, तरी काही बिघडत नाही. एवढ्या भोकानं काय होतंय?" मला तो विनोद फार आवडला होता. संध्याकाळी घरीही सांगितला होता.

मी बॅटरी काढली आणि मशीनच्या मागं वाकलो. फट तशीच उघडी. कार्डाची जागा बरोबर तिच्याशेजारी. आत उजेड टाकला तर पॉवर सप्लायच्या खाली, वरून न दिसणाऱ्या उबेच्या जागी, कुरतडलेल्या कागदांचा पुंजका. चाचणी परीक्षेचे पेपर असावेत, एका तुकड्यावर लाल शाईचा अर्धा शेरा होता. भोवती बाजरीचा कोंडा आणि काळ्या लेंड्या. आणि चोंदलेल्या नाकातूनसुद्धा मला वास आला. उंदराचं मूत. बोळा निघाल्यावर उंदीर आत शिरला, जाता-येता त्या कार्डावरूनच गेला, आणि चार दिवसांत त्याच्या मुतानं कार्ड खाल्लं. पाण्याचा थेंबही नव्हता.

मी वाकलेलाच राहिलो. मागची बाजू भिंतीकडं, तिथं माझ्याशिवाय कोणी बघत नव्हतं. पिशवीत हात घातला तर पट्टी हाताला लागली. दिवाळीपासून ती पिशवीतच होती, चिकटलेले स्टिकर खरवडायला मी तीच वापरायचो. आता फक्त ती लावायची, वर स्क्रू आवळायचा, पुंजका हळूच रुमालात घ्यायचा. ताकास तूर लागली नसती. भोक कुठंय, बाई? दाखवा बरं. संपलं.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"नवं कार्ड घालून बघतो आधी," मी म्हणालो.

पिशवीतलं माझं जादा कार्ड काढलं. कार्ड दोनदा तिरकं बसलं. तिसऱ्यांदा खट्‌ करून बसलं. बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी आली आणि पडद्यावर पांढरे आकडे धावायला लागले. सुहास सर पुढं आले, हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. मशीन वाचलं. खोलीत सगळ्यांना बरं वाटलं, एक बाई सोडून.

सरांनी कागद माझ्यापुढं सरकवला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'संगणकाच्या डिस्प्ले कार्डात पाणी गेल्याने ते निकामी झाले, असे माझे तपासणीअंती मत आहे.' खाली माझं नाव आणि सहीसाठी जागा.

"सही कर," सर म्हणाले. "पावणेदोन झालेत."

मी पेन घेतलं. खरं सांगतो, मला तेव्हा रतनबाईंचा राग आला. ही बाई बोलत का नाही? 'यानंच ठेवलं भोक' असं ती म्हणाली असती तर मी भांडलो असतो, आवाज चढवला असता, हात झटकले असते. इंजिनियर मी, कोण ऐकणार होतं तिचं? पण ती गप्प. आपलं कोणी ऐकणार नाही, हे तिला माहीतच होतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं होतं, तेवढंच. आता ती खाली फरशीकडं बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. तिथंच माझी पंचाईत झाली.

बाहेर फाटकातून जीप आत आल्याचा आवाज आला. सचिव आले होते. सुहास सर शर्ट खोचत बाहेर पळाले.

"सूर्यभान," सर म्हणाले.

नऊ शाळा. मला त्या नऊच्या नऊ शाळा डोळ्यापुढं दिसल्या, एकेकीच्या फाटकासकट. मग मी पेन खाली ठेवलं, पिशवीतून पट्टी काढली आणि कागदावर ठेवली.

"हे काय?"

"मागच्या भोकाची पट्टी आहे, सर. दिवाळीत मी काढली होती. लावायची राहिली. तिथनं उंदीर शिरला. कार्डावर पाणी नाही, उंदराचं मूत आहे. आत घर केलंय त्यानं, या, दाखवतो."

सर उठले. भिंत आणि टेबलाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, त्या वयात, गुडघ्यावर बसले. बॅटरी घेतली, बराच वेळ बघितलं. उठून धोतराची धूळ झटकली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"लावायची राहिली, हे तुला आत्ता कळलं?"

"नाही सर. रतनबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग तू काय म्हणालास?"

मी कागदावरची पट्टी उगाच सरळ करत राहिलो.

"काय म्हणालास, सूर्यभान?"

दहावीत गृहपाठ केला नसला की हाच आवाज असायचा. मी सांगितलं. शिंगणापूर, उघड्या चौकटी, सगळं. तो विनोद त्या खोलीत म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी हसलं नाही.

सरांनी आधीचा कागद फाडला. चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"आता तू लिही. आणि ते वाक्यही लिही, जसंच्या तसं."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. पट्टी मी काढली, परत लावली नाही, रतनबाईंनी सांगूनही दुर्लक्ष केलं, वर असं असं बोललो. त्यांनी स्वतः बोळा घालून मशीन दीड महिना सांभाळलं. सही केली.

सरांनी वाचून घडी घातली. "तुझ्या कराराचं सचिव ठरवतील," म्हणाले, "मी मध्ये पडणार नाही." आणि रतनबाईंकडं वळून, "बाई, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण. त्यात मीही आलो." एवढं बोलून कागद घेऊन ते ऑफिसकडं गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं बाई आता रडतील, नाहीतर म्हणतील, लई उपकार झालं दादा. मी मनातल्या मनात 'उपकार कसले' अशी तयारीही करून ठेवली होती. माणसाची खोड जात नाही.

रतनबाईंनी पदर खोचला, टेबलावरची पट्टी उचलली आणि माझ्यापुढं हात केला.

"स्क्रू द्या," त्या म्हणाल्या. "आन ती पिळायची बी द्या. मीच लावते. तुमी परत इसराल."

मी स्क्रू दिला. त्या मशीनच्या मागं वाकल्या आणि मी बॅटरी धरली. पट्टी पहिल्यांदा उलटी लागली, त्यांनी ती काढून सुलटी लावली आणि स्क्रू आवळला. मग बोटानं दाबून बघितलं, आणि आणखी अर्धा फेरा दिला.