वरात माझ्यावरून गेली

मित्रांनो, मी चीनमधल्या छोंगछिंग शहरातली एक जुनी मेट्रो लाईन आहे. उंदरासारखी बिळातून पळणारी नाही बरं, खांबांवरून, लोकांच्या चौथ्या मजल्याला खेटून, ऐटीत जाणारी! आणि छातीठोकपणे सांगते, आजवर मी कुणालाही नको तिथे नेलेलं नाही.

एका नवरीला नेलं. पण ते पुढे सांगते.

डोंगर फोडून माझे खांब रोवले तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. "एवढी उंच दांडी कशाला? कपडे वाळत घालायला?" पहिली गाडी धावली आणि तेच लोक गॅलरीत येऊन टाळ्या पिटायला लागले. माझ्या सावलीत माहजोंगचे डाव रंगले, बायकांचे नाच बसले. कुणाच्या स्वयंपाकघरात मिरच्या तेलात पडल्या की माझा अख्खा डबा शिंकायचा. काय थाट होता! मग जमिनीखालच्या लाईनी आल्या. माझ्या खांबांवर जाहिरातींचे कागद चिकटले. "जुनी झाली, खडखडते," असं लोक माझ्याच डब्यात बसून म्हणायला लागले.

अशात माझ्या सावलीत वाढलेल्या पंग काइचं लग्न आलं. तो सकाळी गाड्या घेऊन खालच्या रस्त्यानं नवरीला, ल्यूयिंगला, आणायला गेला. आमच्याकडे वरात आल्या वाटेनं परतत नाही. नवरीनं मागे फिरलं की संसार मागे फिरतो म्हणतात. शिवाय बाराच्या आत सासरी पोचायचं. आणि नेमका त्या दिवशी दुसरा रस्ता बंद!

"मग वरून चला की!" नवरीची तान मावशी म्हणाली. "मेट्रो काय शोभेला ठेवलीय?"

मित्रांनो, माझे खांब वीतभर उंच झाले असतील.

पंग काइ, लाल कपड्यातली नवरी, मावशी आणि माहेरच्या रजयांचं भलंमोठं गाठोडं माझ्या डब्यात चढलं. सासरचं स्टेशन आलं. "सरका, सरका, नवरी येतेय!" ओरडत पंग काइ आधी उतरला. मागून गाठोडं दारात अडकलं. मावशीनं ते आत ओढलं आणि दार लागलं. नवरदेव बाहेर, नवरी आत.

"मावशी, आता गं?"

"आता काय! पुढे उतरू, परतीची गाडी धरू."

"परतीची? मागे फिरायचं नसतं ना!"

अख्खा डबा नवरीकडे वळला. मग कोपऱ्यातले कोंबडीवाले आजोबा म्हणाले, "मग बस शेवटपर्यंत. तिकडंच दुसरा नवरा बघू. माझा पुतण्या आहे रिकामा."

"तुमची कोंबडी सांभाळा आधी!" मावशी कडाडली. ल्यूयिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वाजत आले होते.

मावशीनं खिडकीतून खाली पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "अगं, पलीकडचा रूळ बघ! आपण आलो तो हा, जाणार तो तो. दोन वेगळ्या वाटा! खांब तेवढे एक. खांबावरून का वरात जाते?"

"पटलं बुवा," आजोबा म्हणाले. अख्ख्या डब्यानं माना डोलावल्या.

इतकी वर्षं इंजिनिअरांनी माझी मापं काढली, पण मी एकटी दोन वाटा आहे हे कुणाला सुचलं नव्हतं. त्या पलीकडच्या रुळावरून मी नवरीला असं नेलं, की तिच्या केसातलं फूलही हललं नाही.

म्हणून मित्रांनो, जुन्या लाईनीला नावं ठेवू नका. माझे खांब स्वच्छ ठेवा. आणि दारात गाठोडी अडकवू नका, हात जोडून सांगते.

ल्यूयिंग परतीच्या वाटेत नवऱ्याला फोन लावत होती. फोन मावशीच्याच पिशवीत वाजत होता. सकाळी नवरदेवाला नवरीच्या दारात अडवायच्या खेळात मावशीनं तो काढून घेतला होता. तेवढ्यात समोरून शेवटच्या स्टेशनाकडे जाणारी एक गाडी गेली. तिच्या खिडकीला नाक लावून, नवरीला शोधत पंग काइ उभा होता.

नवरी बाराच्या आत सासरी पोचली. नवरदेव शेवटच्या स्टेशनवर पोचला.