काचेच्या पेटीत न गेलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. अहमदाबादेत, साबरमतीकाठच्या एका जुन्या प्रकाशनगृहात मी पुस्तकं शिवते. बापूंच्या काळापासून इथली रीत आहे. वाचकानं घरी कातलेलं सूत आणायचं आणि त्याच सुतानं शिवलेलं पुस्तक घरी न्यायचं. माझ्या नेढ्यातून किती घरांचं सूत गेलं असेल! आमच्या रंभाबेन खाखरा चघळत शिवतात, पण टाका कधी वाकडा पडत नाही.

यंदा प्रकाशनगृहाची शंभरी. व्यवस्थापक किरीटभाईंनी डिंकानं चिकटवलेली तयार पुस्तकं बाहेरून मागवली, वर प्लॅस्टिक. आणि मला म्हणे मखमलीवर, काचेच्या पेटीत ठेवायचं. जिवंतपणीच हार घालायला निघाले मेले!

शंभरीच्या समारंभाच्या आदल्या दिवशी म्हातारे मंछाभाई सूत घेऊन आले. डोळ्यांनी धड दिसत नाही, तरी नातीला लग्नात भजनांचं पुस्तक द्यायचं म्हणून कधीपासून कातत होते.

"काका, आता सूतबीत बंद," किरीटभाई म्हणाले. "हे तयार पुस्तक घ्या. फुकट घ्या!"

"फुकट? मी काय भीक मागायला आलोय?" म्हातारा पायरीवर बसला.

रंभाबेननी सूत पदरात घेतलं. "लग्न कधी आहे?"

"उद्या संध्याकाळी."

"मग उद्या सकाळी समारंभाला या."

दुसऱ्या दिवशी रंभाबेनना मंचावर शिवायला बसवून किरीटभाई कुजबुजले, "बेन, नुसतं शिवल्यासारखं करा. फोटो झाला की सुई पेटीत."

रंभाबेननी मंछाभाईंचं सूत ओवलं आणि खरंच शिवायला घेतलं. फोटो झाला, भाषणाची वेळ झाली, बाई हलेनात.

"अहो उठा ना! पाहुणे ताटकळलेत!"

"दिवसभर बापूंचं नाव घेता ना? मग थांबवा पाहुण्यांना. अर्धं पुस्तक टाकून मी उठायची नाही. न्या उचलून, हिंमत असेल तर!"

कोणी हात लावला नाही. मीही कागदात अशी घुसत होते, की विचारू नका. शेवटची गाठ बसली. मंछाभाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं.

"माझंच आहे," ते म्हणाले. "इथे जाड कातलं गेलंय बघा." आणि ढसाढसा रडले.

पेटी अजून रिकामी आहे. किरीटभाई रोज तिची काच पुसतात आणि माझ्याकडे बघतात. म्हणून बजावते मित्रांनो, मला जपायचं असेल तर सूत घेऊन या. मोडले तर शिवताना मोडेन. पण त्या मखमलीवर ठेवायला जो मला उचलेल, त्याच्या बोटात मी रुतल्याशिवाय राहणार नाही.