कानापर्यंत हात

“एक जून मीच लिहिला असंल,” नरसिंग गुरुजी म्हणाले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. “दुसरी तारीख मी कुणालाच दिली न्हाई, बाई. नोकरीभर. अर्धं गाव एक जूनला जल्मलेलं हाय.”

सरजाबाई ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. नांदेडहून सकाळच्या पॅसेंजरने धर्माबाद, तिथून काळीपिवळी, आणि शेवटचा मैलभर रस्ता पायी. तोही मे महिन्याच्या अखेरीला, जेव्हा आमच्याकडे सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. त्यांना गुरुजींकडून एकच कागद हवा होता. गुरुजींच्या शाळेत शिकलेली गुरम्मा नावाची मुलगी एक जूनला जन्मलेली नाही, एवढं लिहिलेला. आणि तो लगेच हवा होता, कारण पाच दिवसांनी एक जून येणार होता आणि गुरम्मा कागदावर अठरा वर्षांची होणार होती.

गुरुजींना मुलगी लख्ख आठवली.

“हात लांब होते तिचे,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. शाळा उघडायच्या आधी गावातली लेकरं व्हरांड्यात रांगेनं उभी करायची. जन्माची चिठ्ठी कुणाकडे असणार? बाळंतपणं आजोळी, घरातच झालेली. म्हणून उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. धरता आला की सहा पूर्ण, घे पहिलीत. नाही आला की पुढच्या वर्षी ये. त्या वर्षी गुरम्माला कुणी बोलावलंसुद्धा नव्हतं. ती शेजारच्या पोरींमागून आली, आपली आपणच रांगेच्या शेवटी उभी राहिली आणि तिनं सगळ्यांच्या आधी कान धरला. बायका हसल्या. पटाला एक पोर कमीही पडत होतं. गुरुजींनी नाव घातलं.

“खरी किती होती?” सरजाबाईंनी विचारलं.

गुरुजी आत गेले आणि एक जुनी फाइल घेऊन आले. त्यात त्यांच्या नातवाचा, सोमेशचा, जन्मदाखला होता. सोमेश आणि गुरम्मा एकाच आठवड्यातले. गुरम्मा पहिलीत आली तेव्हा सोमेश साडेचार वर्षांचा होता आणि घरात मांजरामागे फिरत होता. त्याला त्यांनी दोन वर्षांनी शाळेत घातलं.

“याला खरी तारीख लावली,” गुरुजी खाली बघत म्हणाले. “एकालाच लावली, बाई.”

त्यांनी कागद लिहून दिला. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं गोल होतं. सोबत नातवाच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली. सरजाबाई निघाल्या तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि पोर हुशार निघाली का, एवढंच विचारलं. दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के, असं सरजाबाईंनी सांगितलं. गुरुजींना आनंद झाला आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

सरजाबाई नांदेडच्या एका मुलींच्या बालगृहात काळजीवाहक होत्या. तीस वर्षं. पळून आलेल्या, हरवलेल्या, कुणी स्टेशनवर सोडून दिलेल्या मुलींच्या उवा काढायच्या, ताप बघायचा, वेण्या घालायच्या, भांडणं सोडवायची. नव्या मुलीला पहिले दोन दिवस काहीही विचारायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. तो कुठल्या फाइलीत नव्हता, पण अधीक्षक बदलत गेल्या तरी तो टिकला.

गुरम्मालाही त्यांनी काही विचारलं नव्हतं. तिचे हातच सांगत होते. नववीनंतर बापाने तिची शाळा सोडवली होती आणि वर्षभर ती धर्माबादला मिरचीच्या गोदामात देठ खुडत होती. बोटं लाल, नखांच्या कडा सोललेल्या. सरजाबाईंनी ती बोटं ताकात बुडवून ठेवायला लावली. तिसऱ्या दिवशी पोरगी आपणहून बोलली. लग्न ठरलं होतं. नवरा तिच्या दुपटीहून मोठा. ती धर्माबादला जी गाडी उभी होती तिच्यात चढली आणि नांदेडला सगळे उतरले म्हणून उतरली. फलाटावरच्या मदत कक्षातल्या बाईंनी तिला हेरलं, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवलं आणि चोवीस तासांच्या आत ती बाल कल्याण समितीपुढे उभी होती. समितीने तिचं ऐकून घेतलं आणि अठरा पूर्ण होईपर्यंत बालगृहात ठेवायचा आदेश दिला.

बाप सिद्धराम सुरुवातीला येऊन आरडाओरडा करायचा. मग त्याने आरडाओरडा सोडला आणि कॅलेंडर धरलं. एप्रिलमध्ये आला तेव्हा आवाज अगदी मऊ होता. अठरापर्यंत कायदा तुमचा, पुढं आमचा, असं म्हणून गेला. नवरा थांबला होता. पुरुषाला थांबायला काय लागतं.

सरजाबाईंच्या मनात मात्र दुसराच काटा होता. दहावीचा फॉर्म भरायच्या दिवशी गुरम्मा आईचा हवाला देत म्हणाली होती, “मावशी, अव्वा म्हन्ती मी मिरचीच्या सीझनात झाले. जूनमधी कुठं मिरची असती?” आणि त्यांनी तिला गप्प केलं होतं. “असू दे गं माय. माझा बी एक जूनच हाय. फारम वापस आला तर तुझं वर्ष जातंय.” तेव्हा बोलल्या असत्या, एखादा अर्ज केला असता, तर काही झालं असतं. आता ती तारीख बोर्डाच्या प्रमाणपत्रावर छापून आली होती. तेच प्रमाणपत्र त्यांनी आल्या-गेल्या सगळ्यांना दाखवलं होतं, दूधवाल्यालासुद्धा.

अधीक्षक नाजिया मॅडमनी गुरुजींचा कागद दोनदा वाचला आणि स्वतः समितीपुढे नेला. परत आल्या तेव्हा पर्स टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “नहीं हुआ, मावशी.”

शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला असेल तर वय तोच दाखला सांगणार. हाडांची तपासणी दाखला नसेल तेव्हा. बोर्डाकडून तारीख बदलून आणायला महिने लागणार, आणि ती बदलेल याचाही भरवसा नाही.

“पन लिहिनारा मानूसच म्हनून राहिला, खोटं लिहिलं म्हनून. तरी?”

“तरी.”

मग मॅडमनी दुसरी बाजू सांगितली. अठरापुढच्या मुलींनाही एकवीसपर्यंत ठेवून घेणाऱ्या जागा असतात. लातूरला एका संस्थेत त्यांनी फोन लावला होता. गुरम्माला तिथे बारावी करता येईल, पुढे नर्सिंगलाही जाता येईल. फक्त जागा जुलैत रिकामी होणार होती. मधला महिना कुठे काढायचा हा प्रश्न. बोलता बोलता मॅडम थांबल्या आणि सरजाबाईंकडे बघून पहिल्यांदा हसल्या.

“मावशी, तुम्ही एकतीसला रिटायर. पोरगी एकला अठराची. महिनाभर तुमच्या घरी राहिली तर मी कोण रोकनारी?”

खरंच की. सरजाबाईंच्या गुरुजींनीही एक जूनच लिहिला होता. त्यांची आई सांगायची की सरजा झाली तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती. पण नोकरीला कागदाचं वय चालतं, म्हणून एकतीस मे हा त्यांचा शेवटचा दिवस. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ती खोटी तारीख गोड वाटली.

त्या संध्याकाळी त्यांनी आंबेडकरनगरातल्या आपल्या दोन खोल्या धुऊन काढल्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बाज सरकवली. दप्तर अडकवायला भिंतीत एक खिळा ठोकला. उजवा खांदा दोन वर्षांपासून धरला होता, हात वर जात नव्हता. म्हणून डाव्या हाताने ठोकला आणि तो जरा वाकडा गेला.

गुरम्माला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं की मावशींच्या घरी पोळ्या कोण लाटणार. मग सगळ्या मुलींसमोर म्हणाली, “मावशीच्या पोळ्या नकाशावानी असतेत. मीच लाटीन.” सगळ्या हसल्या, सरजाबाईही.

एकतीस तारखेला निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, फेटा बांधायचा का नाही यावरून चर्चा. मुलींनी गाणं म्हटलं आणि मधेच विसरल्या. सरजाबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि भात करपतोय म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. भात करपत नव्हता.

एक जूनला सरजाबाई गुरम्माला न्यायला आल्या होत्या; दहाच्या सुमाराला सिद्धराम आला. सोबत बायको, आणि तिचा पदर धरून आठ-नऊ वर्षांची स्वप्नाली, गुरम्माची धाकटी बहीण. दोन वर्षांत तिला कधी आणलं नव्हतं.

नाजिया मॅडमनी सगळ्यांना समोर बसवलं आणि गुरम्माला स्पष्ट सांगितलं. तू सज्ञान आहेस. कुठं जायचं ते तू ठरवणार. कुणी जबरदस्ती केली तर पोलीस आहेत, लातूरची जागा आहे, मी आहे.

सिद्धरामने ऐकून घेतलं. हात जोडले. मग अगदी शांतपणे म्हणाला, “तू येऊ नको. माझं काय म्हननं न्हाई. ही हाय की. चौथी झाली, बास झालं. सोमवारपासून अव्वासंगं मिरचीला जाईल. पुढं हिला बी कुनी बघंल.”

मॅडम ताडकन बोलल्या. लहान पोरीला कामाला लावलं तर गुन्हा दाखल होईल. तो म्हणाला, कुठं लावलं, आपण घरातलं बोलून राहिलोत. आणि खरंच, बोलण्याचा गुन्हा कुठं नोंदवायचा? ज्या दिवशी लावेल त्या दिवशी कळवायचं तरी कुणी?

गुरम्मा उठली. तिने स्वप्नालीला जवळ घेतलं. तिचा उजवा हात धरून डोक्यावरून नेला. बोटं कानाच्याही खाली गेली.

“हिचे बी लांब हायत,” ती म्हणाली. मग आईला विचारलं, “हिचा बी एक जूनच घातलाय?”

आईने मान हलवली. हाव.

बाहेर नळाला पाणी आलं होतं आणि मुली बादल्या लावत होत्या. गुरम्माने दोन्ही हात ओढणीत गुंडाळले.

“मी येते,” ती बापाला म्हणाली. “पन हिचं नाव पाचवीत घालायचं. मॅडमसमोर लिहून द्यायचं, आत्ता.”

सरजाबाई म्हणाल्या, “गुरम्मा, बाज टाकलीय माय.”

ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, “ठावं हाय मावशी.”

सिद्धरामने लिहून दिलं. एवढ्या सहज दिलं की मॅडमनी कागद हातात घेऊन त्याच्याकडे नुसतं बघितलं. पण गुरम्माचं झालं नव्हतं. ओळख पटवायला म्हणून आईने घरातले सगळे कागद पिशवीत भरून आणले होते. ते तिने टेबलावर ओतले आणि मळलेलं, चार घड्यांचं लसीचं कार्ड शोधून काढलं. स्वप्नाली सरकारी दवाखान्यात झाली होती. कार्डावर तारीख होती, शाळेतल्या तारखेहून सव्वा वर्षानं पुढची, ऑगस्टची. खरी.

तिने ते सरजाबाईंच्या हातात दिलं.

“तुमी रिकाम्याच हाव आता,” ती म्हणाली. “हिची तारीख दुरुस्त करून घ्या. अजून शाळंतच हाय, होतंय. बोर्डात गेली की होत न्हाई.”

“आन तुझी?”

“माझी झाली की.”

तिने दप्तर घेतलं नाही. पुस्तकं पुढच्या पोरीला होतील म्हणाली. सगळ्या जणी फाटकापर्यंत गेल्या. ऊन असं होतं की डोळे आपोआप बारीक व्हावेत, त्यामुळे कोण रडतंय ते कळत नव्हतं. पुढे सिद्धराम, मागे आई, आणि सगळ्यात मागे त्या दोघी हात धरून. गुरम्मा बहिणीच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी म्हणत होती आणि ती मागून म्हणत होती, एक, शून्य, नऊ, आठ. एक, शून्य, नऊ, आठ. बापाने एकदा वळून बघितलं. पोरी पाढे म्हणतायत असं वाटून पुढे चालू लागला.

सरजाबाई दुपारी घरी आल्या. तीस वर्षांत या वेळेला त्या घरी कधीच नसायच्या, त्यामुळे खोली परक्या बाईसारखी बघत होती. खिडकीपाशी बाज, वर धुतलेली चादर. लसीचं कार्ड प्लास्टिकच्या कव्हरात घालून त्यांनी पिशवीत ठेवलं आणि पिशवी त्या वाकड्या खिळ्याला अडकवली. सोमवारी शाळेचं ऑफिस उघडतं का, हे विचारून घ्यायला हवं होतं.

मग त्या बाजेवर बसल्या. थोड्या वेळाने उजवा हात उचलला आणि डोक्यावरून डाव्या कानाकडे नेऊ लागल्या. खांद्यात कळ आली. बोटं अंबाड्यापर्यंत गेली आणि थांबली. त्यांनी दात आवळून पुन्हा एकदा नेऊन बघितला.

कान अजून चार बोटं लांब होता.