अकराचा भोंगा

दुपारचे साडेबारा झाले होते आणि भुजंग मुकादम कारभारीच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. कारभारीच्या फुटलेल्या ओठातून रक्त मातीत गळत होतं. पाच हातांवर त्याची बायको इंद्रायणी उन्हात आडवी पडली होती. पोटात पाचवा महिना, अंग तव्यासारखं तापलेलं, घाम तर कधीच आटलेला.

"मांडवात घेऊ द्या तिला," कारभारी खालून ओरडला. "मरून जाईल ती!"

"भोंगा झाला का?" भुजंगानं विचारलं. "हुकूम काय हाय? अकराचा भोंगा झाला की काम बंद. मंग मांडव, मंग पाणी. भोंग्याचं तूच सांगितल्तं न्हवं?"

खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

दोन हजार तीनचा दुष्काळ. जानेवारीतच ग्रामसभेला साहेब आले होते, उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावरचे मजूर उष्माघातानं मरू नयेत म्हणून केलेला सरकारी आराखडा घेऊन. अकरा ते चार काम बंद, सावलीला मांडव, पाण्याच्या टाक्या, मीठसाखरेच्या पुड्या. कागदावर फार देखणा. "पण अकरा वाजले हे सगळ्यांना कळणार कसं?" साहेबांनी विचारलं, तेव्हा कारभारीच उठला होता. "साहेब, कारखान्याचा भोंगा हाय की. पाच गावं त्याच्यावर उठत्यात अन् जेवत्यात. अकराला एकदा वाजवा, काम बंद. चारला दुसऱ्यांदा, काम सुरू." साहेबांनी ते तिथंच लिहून घेतलं. कारभारी पुढं आठ दिवस गावातून छाती काढून फिरला.

उसाचा हंगाम संपला की साखर कारखाना बंद आणि भोंगाही मुका, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण जानेवारीत कारखाना धडधडत होता, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाझर तलावाचं काम निघालं ते मे महिन्यात. आज तिसरा दिवस. दोन दिवस बायामाणसांनी भर उन्हात माती ओढली आणि भुजंग मांडवात बसून मनगटावरचं घड्याळ बघत राहिला. आसपास दुसरी सावली नव्हती.

कारभारीची आई वच्छलाबाई फावडं उगारून धावत आली, तेव्हा कुठं भुजंग उठला. कारभारीनं झटक्यात पहार उचलली. भुजंगाची दोन माणसं मागं सरकली.

"लेकरा, हिला उचल आधी!" वच्छलाबाई ओरडली. "ढकल त्या मुडद्याला अन् आत ने!"

हातात पहार असताना त्याला अडवणार कोण होतं? पण कारभारी पडला हुकमाचा माणूस. भोंगा झाला की मांडव उघडणार, हे त्यानं स्वतः सांगितलं होतं, साहेबांनी लिहून घेतलं होतं.

"माय, तिच्यावर पदर धर. भोंगा वाजवून येतो," म्हणाला आणि मैलभर लांब कारखान्याकडं पळत सुटला.

फाटकावर कचरू वॉचमन होता, ओळखीचा. "बंद हाय बाबा. चावी कारखान्याच्या साहेबापाशी हाय," तो म्हणाला. कारभारीनं भोंग्याच्या खोलीच्या दाराची काच फोडली. कचरूनं मागून कंबर धरली, तेव्हा कारभारीनं वळून त्याच्या हातावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. कचरू किंचाळत खाली बसला. कारभारीनं आत जाऊन बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

तो परत आला तेव्हा काम थांबलेलं होतं. मांडवात बाया दाटीवाटीनं बसून पाणी पीत होत्या, पण कुणी त्याच्याकडं बघेना. मधोमध इंद्रायणी होती. लुगडं ओलंचिंब, ओठांच्या कोपऱ्यातून पुडीचं पाणी गळालेलं.

"सावलीत आणली अन् गेली," वच्छलाबाई म्हणाली. "उचल म्हणलं होतं तुला."

कारभारीनं वाकून तिचे ओठ पुसले. पहार अजून दुसऱ्या हातातच होती.

"भोंगा झाल्याबरोबर आत घेतली मी," भुजंग घाईघाईनं म्हणाला. "बिलकुल हुकमाप्रमाणं."

तेवढ्यात भोंगा पुन्हा वाजला. तिकडं कचरूनं मोडका हात पोटाशी धरून मदतीसाठी बटण दाबलं होतं. इकडं मांडवातल्या बाया सवयीनं उठल्या. एकीनं टोपलं उचललं.

"चला, उठा जल्दी," भुजंग म्हणाला. "दुसरा भोंगा झाला."

पहारीचा पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो मांडवाच्या खांबाला धरून खाली आला, तर दुसरा डोक्यात. तिसऱ्या घावाला तो ओरडलाही नाही. भोंगा वाजतच होता. वच्छलाबाईनं सुनेच्या तोंडावर पदर ओढला आणि लेकाला अडवलं नाही.