गुड्डीनं चेंडू हातात दिला नाही

शाळाप्रवेशाच्या दिवशी भोजराज गुरुजींनी गुड्डीच्या हातात चेंडू ठेवला. समोरच्या पोरीकडं बोट दाखवून म्हणाले, "हे टीनाले दे."

गुड्डीनं चेंडू टीनासमोर जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकली. गुरुजींनी फॉर्मवर लिहिलं, 'इतर मुलांत मिसळता येत नाही. आणखी एक वर्ष अंगणवाडीत ठेवावे.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आसगावजवळच्या आमच्या खेड्यातली ती अंगणवाडी मीच चालवते.

कोरोनाच्या आधी हीच गुड्डी, साडेतीन वर्षांची, माझ्या घमेल्यावर तुटून पडायची. पेरणीआधी घरोघरी करतात तसंच मी पोरांकडून करून घ्यायचे. घमेल्यातल्या मिठाच्या पाण्यात बियाण्याचं धान टाकायचं. पोचट वर, भरीव खाली. "काहून तरंगते, बाई?" हे पहिलं तिनंच विचारलं. मोनूचा हात आधी पाण्यात गेला की त्याला चिमटा काढायची, रडायची आणि मग आपली पाळी येईपर्यंत थांबायची. पुढं सगळं बंद झालं आणि वरून हुकूम आला, घमेल्याचा व्हिडिओ पाठवा. मोबाइल बापाच्या खिशात, बाप बांधीच्या चिखलात धान रोवायला! आणि त्या व्हिडिओत पोरीनं चिमटा कोणाला काढायचा होता?

"गुरुजी, हे कायले लिहून राहिले तुमी?" मी ओरडलेच.

"चिडू नका, ललिताबाई. सहा वर्षांचं लेकरू चेंडू हातात देत नाही. घरी कोणी शिकवलंच नसन."

तिची आई रुखमा खाली मान घालून म्हणाली, "राहू द्या ना बाई, एक साल अजून." मला तिचाही राग आला.

"शिकवलं ना! म्या शिकवलं!" मी गुरुजींना सुनावलं.

खरंच मीच शिकवलं. कोरोनात अंगणवाडी बंद होती, मी दारोदार शिध्याची पाकिटं वाटायचे तेव्हा गुड्डी मला बिलगायला धावत यायची. पाकीट उंबऱ्यावर ठेवून मी खेकसायचे, "मांगं सरक!" दोन वर्षं पोरीला एकदाही जवळ घेतलं नाही. तिनं तो धडा चोख पाठ केला आणि आम्ही तिलाच नापास करत होतो.

मी गुरुजींच्या हातातला फॉर्म ओढला. त्यांचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'आम्ही मिसळू दिलं नाही.' खाली सही ठोकली.

"फॉर्म खराब केला तुमी! आता दुसरा तालुक्यावरून आणा लागन."

"आणा. तवरीक पोरगी पहिलीतच बसन."

मी गुड्डीचा हात धरला. तिनं तो झटकन सोडवला, फ्रॉकला पुसला आणि एकटीच वर्गात गेली.